हात हुकूम मानत नाही

आमची बँक दुसऱ्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली आणि त्याच सुमाराला बाबांचा स्ट्रायकर वाकडा जायला लागला. या दोन गोष्टी पुढे एकमेकींच्या गळ्यात पडणार आहेत असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

बाबा म्हणजे माझे वडील. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला होता. आई गेल्यापासून नया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल लश्कर या आमच्या भागातल्या समस्त मावश्यांनी मला अजून माफ केलेलं नाही, पण बँकेत काही अडलं की त्या येतात माझ्याकडेच. मी महाराज बाड्याच्या चौकातल्या शाखेत अधिकारी. स्वभावाने तापट, आणि कुठे घोडं अडलं की मला उलट जास्तच हुरूप येतो. बाबा अगदी उलट. त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला तो फक्त कॅरमच्या बोर्डावर.

रोज संध्याकाळी शेजारचे काका खेळायला यायचे. काका पोस्टातून निवृत्त झालेले, बाबांच्याच वयाचे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून इथल्या संस्थानच्या दरबारात पोथ्या घेऊन आले, आमचे तलवारी घेऊन. पोथ्या गेल्या, तलवारीही गेल्या, उरला हा कॅरमबोर्ड. त्यावर काका बाबांना ‘सरदार’ म्हणायचे आणि बाबा काकांना ‘शास्त्रीजी’. बाबांचा एक खास फटका होता. तर्जनी आडवी ठेवून ते स्ट्रायकरला असा काही झटका द्यायचे की समोरच्या कडेवर आपटून परत येताना तो राणीला अलगद पॉकेटमध्ये ढकलून द्यायचा. बाबा जिंकणार, काका चिडणार, मग मी चहा करणार, अशी आमच्या घराची घडी वर्षानुवर्षं बसलेली होती.

मग काका जिंकायला लागले. पहिले काही दिवस ते जमिनीवर नव्हतेच. गरमागरम जिलबी आणून त्यांनी सगळ्या जिन्याला वाटली. पुढे मात्र जिलबी बंद झाली, चिडवणंही बंद झालं. एका सकाळी मी बँकेत जायला निघाले तर काका जिन्यात माझी वाट अडवून उभे.

“बेटा, मी रोज जिंकून राहिलो आहे,” ते हळूच म्हणाले. “कुछ तो गड़बड़ आहे. तू त्याचा हात बघ न.”

त्या संध्याकाळी मी बाबांचा उजवा हात माझ्या हातात घेऊन दिव्याखाली धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित आत वळलेलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा, जिथे तो फटका राहत असे, तिथे खळगा पडलेला. रोज हा हात माझ्यासमोर जेवत होता आणि मला दिसला नव्हता. बाबा मात्र म्हणाले, “वय झालं की हात बारीक होतातच. त्यात काय?”

सिटी सेंटरमधल्या डॉक्टरांनी एक साधा कागद बाबांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायला दिला आणि विचारलं, “कब से तकलीफ़ है?” बाबा म्हणाले, “अजी कुछ नहीं, बेटी को वहम है. हाथ एकदम बढ़िया.” त्यांचं वाक्य संपायच्या आत डॉक्टरांनी कागद ओढला आणि तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघून आला. बाबा त्या कागदाकडे बघतच राहिले.

नस कुठेतरी दबली होती. कोपरात, किंवा मग मानेत. दोन्ही ठिकाणचे उपचार वेगळे. ती नक्की कुठे दबली आहे आणि तिच्यात जीव किती उरला आहे, हे नसांची तपासणी केल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या तपासणीत हाताला तारा लावून विजेचे बारीक झटके देतात, आणि मग स्नायूत सुई घालून बघतात. नस कोपरात दबली असेल आणि जिवंत असेल, तर एका ऑपरेशनने तिला मोकळं करता येणार होतं. “पर देर मत कीजिए,” डॉक्टर मला म्हणाले. “मांसपेशी एक बार पूरी सूख गई तो लौटती नहीं.”

तपासणी आम्ही पदरच्या पैशांनी उद्याच करून टाकली असती. पण बँकेच्या नव्या विमा पॉलिसीत एक मेख होती. अशा तपासणीला विमेवाल्यांची आधी मंजुरी हवी, आणि ती न घेता तपासणी केली, तर तिच्या आधारावर पुढचं ऑपरेशनही मंजूर होणार नाही. ऑपरेशन आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणजे बाबांचा हात वाचायचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी फाटक. फाटक दिसलं की माझं रक्त सळसळतं. मी दुसऱ्याच दिवशी कंबर कसली.

विलीनीकरण हा शब्द ऐकायला किती गोड आहे! दुधात साखर विरघळते आहे असं वाटतं. आमच्या शाखेत मात्र दूधही सांडलं होतं आणि साखरही. दारावरची पाटी बदलली, शिक्के बदलले, आमचे नोकरीचे नंबर बदलले. पासबुकाचं यंत्र आमच्या जुन्या ग्राहकांना ओळखच दाखवेना. जुन्या बँकेची विमा पॉलिसी जाऊन नवी आली, आणि तिच्या यादीत मी होते पण माझ्यावर अवलंबून असलेले माझे वडील नव्हते. नव्या बँकेच्या हिशेबात मी स्वयंभू होते.

याच गोंधळात वरच्या कचेरीतून एक मोठे साहेब शाखा बघायला आले. चांगला माणूस होता. सगळ्यांना गोल उभं करून त्यांनी आपुलकीने विचारलं, “कोई दिक्कत तो नहीं?” त्या क्षणी पासबुकाचं यंत्र मेलेलं होतं, निम्म्यांचे पासवर्ड चालत नव्हते, आणि मी बाबांचं नाव यादीत घालण्यासाठी सकाळपासून फोनवर ओरडून घसा बसवून घेतला होता. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, “नहीं सर, सब बढ़िया.” साहेब खूश होऊन गेले.

ते गेल्यावर मी परत फोनला चिकटले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या नंबरावरून त्या नंबरावर. शेवटी बाबा यादीत आले! मी आनंदाने टेबलावर असा हात आपटला की शेजारच्या बाईंचं पाण्याचं भांडं आडवं झालं. डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचं पत्रक, सगळं पाठवलं. ‘आपली विनंती मिळाली’ असा संदेश आला तेव्हा मी बाड्यावरून घरापर्यंत जवळजवळ पळत गेले. आता काय, दोन दिवसांचा प्रश्न! बाबांना मी सांगितलंसुद्धा की येत्या गणपतीत मंडळाच्या सामन्यात तुमचं नाव देऊन टाकते.

संदेश आला तो नकाराचा. कारण असं दिलं होतं: दूरध्वनीवर खातरजमा केली असता रुग्णाने आपल्याला काहीही तक्रार नसल्याचं सांगितलं.

मी तो दोनदा वाचला, पिशवी उचलली आणि तडक घरी आले. बाबा खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

“बाबा, तुम्हाला कुणाचा फोन आला होता?”

“हो न! सांगायचं राहूनच गेलं,” बाबा प्रसन्नपणे म्हणाले. “विमेवाल्यांचा होता. बड़ा शरीफ़ आदमी. किती अदबीने विचारलं त्याने की आपली तब्येत कशी आहे.”

“आणि तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार? म्हटलं, आपकी दुआ से एकदम बढ़िया.”

“हाताचं नाही विचारलं त्याने?”

“विचारलं न. मी म्हटलं, हाथ भी बढ़िया. मग मी पण विचारलं की आप सुनाइए, आपके घर में सब कुशल-मंगल? बिचारा खूश होऊन गेला.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला एवढं खरं. मी इकडे जिवाचं रान करते आहे, आणि हे तिकडे त्या माणसाच्या बायकामुलांची खुशाली विचारत बसले! बाबा शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, “अनोळखी माणसासमोर, आणि तोही कचेरीचा माणूस, त्याच्यासमोर मी आपलं रडगाणं गायचं? शोभतं का?”

“शोभायचा प्रश्न नाही आहे, बाबा. हात जाईल तुमचा.”

यावर ते वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. उजव्या हाताला ती घडी नीट घालता येईना, म्हणून डाव्या हाताने घातली. मग त्यांनी मला आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबा संस्थानच्या फौजेच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत आला. तो अंगवळणी पडतो न पडतो तोच राज्यांची पुनर्रचना होऊन मध्य प्रदेश आला. दोन्ही वेळी कचेऱ्या एकमेकींत मिसळल्या, याद्या झाल्या. कुणाला नव्या नोकरीत घ्यायचं, कुणाची भोपाळला बदली, कुणाला घरी बसवायचं. खरं काय नि अफवा काय, कळायला मार्ग नव्हता, पण जो तो म्हणायचा की कागदावर एकदा ‘आजारी’ असं पडलं की माणूस संपला. अशात एकदा कचेरीतून कुणी साहेब घरी विचारपूस करायला आले. आजोबा तापाने फणफणत अंथरुणात पडलेले. साहेब जिना चढताहेत एवढं कळताच ते उठले, कोट चढवला, डोक्यावर पगडी घातली आणि बैठकीत ताठ बसून म्हणाले, “हुज़ूर की कृपा से सब कुशल.” साहेब चहा पिऊन गेले. आजोबा तिथेच आडवे झाले.

“नोकरी राहिली,” बाबा म्हणाले. “घर राहिलं, माझी शाळा राहिली. त्यानंतर आमच्या घरात कचेरीच्या माणसाला कोणी आपलं दुखणं नाही सांगितलं. मी पण नाही. तुझी आई तर मी आजारी असताना मला म्हणायची की डॉक्टरला तरी सांगत जा!”

मी त्यांच्यावर परत चिडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि एकदम मला शाखेतला तो गोल आठवला. आपुलकीने विचारणारे साहेब, मेलेलं यंत्र, बसलेला घसा, आणि सगळ्यांच्या आवाजात मिसळलेला माझा आवाज: सब बढ़िया! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; आमच्याकडे तर सुंभसुद्धा जळला नव्हता, नुसता एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेला होता. मला हसू फुटलं. बाबांना कळेना की आत्ता तर ही ओरडत होती, आता हसते का. मी त्यांना साहेबांची गोष्ट सांगितली आणि मग आम्ही दोघंही हसलो.

पण हसून हात वाचणार नव्हता. मी पुन्हा दाद मागितली. फोनवरच्या एका मुलीने चांगली वाट दाखवली. म्हणाली, नकार बदलू शकतो, पण त्यासाठी आमच्या डॉक्टर रुग्णाशी व्हिडिओवर बोलतील आणि रुग्णाने आपली तक्रार स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी. घरचं कुणी शेजारी बसलं तर चालेल. मी तिला एवढे आशीर्वाद दिले की ती बिचारी लाजली. फाटक किलकिलं झालं होतं!

आता प्रश्न बाबांच्या तोंडाचा. आम्ही तालीम घ्यायचं ठरवलं. मी झाले विमा कंपनीची डॉक्टर, डोळ्यांवर बाबांचाच वाचायचा चष्मा, आणि काका प्रेक्षक.

“आपको क्या तकलीफ़ है?” मी विचारलं.

“तकलीफ़ कैसी?” बाबा मान झुकवून म्हणाले. “आप जैसों की मेहरबानी है.”

“बाबा!”

“बरं, परत विचार.”

“हाथ में क्या होता है आपको?”

“कुछ नहीं जी. उम्र है.”

काका हसून हसून पलंगावर लोळायला लागले. तिसऱ्या वेळी बाबांनी खरोखर प्रयत्न केला. चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि बाहेर पडलं ते असं: “थोड़ा-सा… पर चिंता की बात नहीं. आपने नाश्ता किया?” मी चष्मा काढून ठेवला. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं तर गाढव इतकं सालस की रागही येईना.

काकांचं हसू हळूहळू ओसरलं. ते उठून बसले.

“अगं, दरबारात आपलं गाऱ्हाणं आपण नाही सांगत होते,” ते मला म्हणाले. “दुसरा कोणी उभा राहून अर्ज़ करायचा. आमच्या घरातल्या लोकांचं तर अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज़ करण्यात गेलं. मी बसतो न याच्या बाजूला.”

“तू नको,” बाबा लगेच म्हणाले. “तू काहीही बोलशील.”

तरी काका फोनच्या दिवशी बरोबर वेळेवर हजर झाले, इस्त्रीचा सदरा घालून. कॅरमबोर्ड नेहमीच्या जागी मांडलेलाच होता. मी मोबाइल पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बाबांना समोर बसवलं. पडद्यावर डॉक्टर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या दिसत होत्या, पण बोलणं मृदू.

“नमस्ते बाबूजी. कैसे हैं आप?”

मी डोळे मिटून घेतले.

“आपकी दुआ से एकदम बढ़िया,” बाबा म्हणाले.

“हाथ में कोई परेशानी?”

“नहीं जी, ऐसा तो कुछ…”

तेवढ्यात काकांनी खुर्ची सरकवली आणि आपलं डोकं बाबांच्या डोक्याशेजारी घुसवलं.

“डॉक्टर साहब, मेरी एक अर्ज़ है. मैं इनका पड़ोसी हूँ. दोस्त नहीं, दुश्मन समझिए. बरसों से इनसे कैरम में हारता आया हूँ. एक दिन ऐसा नहीं गया कि इन्होंने मुझे छोड़ा हो. और अब मैं रोज़ जीत रहा हूँ. रोज़!” काकांचा आवाज एकदम कापला. “मुझे ये जीत नहीं चाहिए, साहब.”

“गप्प बस!” बाबांचा आवाज चढला. “मोठा आला जिंकणारा. लाव राणी, आत्ता दाखवतो.”

काकांनी राणी बोर्डावर ठेवली. बाबांनी स्ट्रायकर रेषेवर लावला, तर्जनी आडवी केली, श्वास धरला. तीच जुनी ऐट, तोच मिटलेला एक डोळा. बोट हललं. स्ट्रायकर निघाला, बोर्डाच्या मध्यापर्यंत कसाबसा गेला आणि राणीला न शिवता तिथेच थांबला.

बाबा स्ट्रायकरकडे बघत होते. काकांनी दुसरीकडे तोंड वळवलं. मला ओरडावंसं वाटत होतं की बघितलंत ना, आता लिहा, लवकर लिहा! पण पडद्यावरच्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “बाबूजी, मैंने देख लिया. पर मुझे आपसे सुनना है. लिखनी मुझे आपकी बात है.”

बाबांनी हात मांडीवर घेतला. मग पाठ सरळ केली, मान ताठ केली. आजोबा बैठकीत असेच बसले असतील असं मला वाटून गेलं आणि माझा धीर सुटला. आता परत तेच येणार, सब कुशल.

“डॉक्टर साहब,” बाबा म्हणाले, “बाक़ी सब कुशल है. बस, हाथ हुक्म नहीं मानता.”

“कब से?”

आणि बाबा सांगायला लागले. खरंच सांगायला लागले! आधी अडखळत, मग सरळ, वर्गात नद्यांची उगमस्थानं सांगावीत तसं क्रमाने. करंगळीला मुंग्या कधी आल्या, त्या कोपरापर्यंत कशा चढल्या. कुलपात किल्ली फिरत नाही. कपाचा कान धरवत नाही, म्हणून चहा पेल्यातून घेतो. आणि देवापुढे काडी पेटवता येत नाही.

यातलं शेवटचं ऐकून मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे रोजचा दिवा बाबाच लावत. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी ते मला म्हणाले होते की बेटा, आजपासून तूच लाव न दिवा, तुझ्या हातून लागला की घराला शोभा येते. मी केवढी फुलले होते! रोज बँकेत जायच्या घाईत दिवा लावताना मला आपलं कौतुक वाटायचं. मला तिथेच रडू आलं. मोबाइलमागे उभी राहून मी पदराने तोंड दाबलं, कारण मध्येच आवाज गेला असता तर बाबा सांगायचे थांबले असते.

डॉक्टरांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, नमस्कार केला आणि पडदा काळा झाला. बाबा काकांकडे वळून म्हणाले, “दुश्मन म्हणे!” काका म्हणाले, “चहा होऊन जाऊ दे.”

मंजुरी आली तेव्हा मी काउंटरवर होते. समोर पेन्शनवाल्या आजोबांची रांग, हातात कुणाचं तरी पासबुक, आणि मोबाइल थरथरला. तपासणीला मंजुरी. दोन्ही भागांना, झटक्यांच्याही आणि सुईच्याही! मी “झालं!” म्हणून अशी किंचाळले की रखवालदार दारातून धावत आला. पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी कुतूहलाने विचारलं, “लॉटरी लगी क्या, बेटी?” मी म्हटलं, “हाँ बाबूजी, लग गई.” त्यांनी मागे वळून रांगेला ती बातमी दिली, आणि त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाने मला लॉटरीच्या शुभेच्छा दिल्या. मी त्या सगळ्या घेतल्या.

तपासणीची खोली लहान होती आणि गार. बाबांना पलंगावर निजवून एका डॉक्टरांनी त्यांच्या हातावर तारा चिकटवल्या. मी भिंतीशी उभी. आता कुणाशी भांडून उपयोग नव्हता. मंजुरी फक्त फाटकापर्यंतची होती; फाटकाच्या आत नस जिवंत आहे की नाही, ते नसच सांगणार होती.

पहिला झटका मनगटावर दिला आणि करंगळी टुणकन उडाली. “अरे, ही तर उडते न!” बाबा पोरासारखे म्हणाले. मग कोपराच्या खाली, मग कोपराच्या वर. वरच्या झटक्याला करंगळी जेमतेम हलली. डॉक्टर पडद्यावरच्या रेघा बघत मान हलवत होते. दर झटक्याला विचारत होते, “ठीक हैं, बाबूजी?” आणि बाबा दर झटक्याला म्हणत होते, “एकदम बढ़िया.” मी भिंतीला डोकं टेकलं. हा माणूस विजेलासुद्धा खरं सांगणार नव्हता.

“कोहनी पर दब रही है,” डॉक्टर मला म्हणाले. “गर्दन ठीक लगती है. अब देखते हैं, मांसपेशी में कितनी जान है.”

त्यांनी बारीक सुई घेतली. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला ती टोचायची होती. तिथे बाबांना कित्येक दिवस काहीच कळत नव्हतं. गरम तव्याची कड लागून तिथे फोड आला होता तोही मला दिसला, त्यांना समजला नव्हता. सुई आत गेली. यंत्राला एक छोटा स्पीकर होता, जिवंत स्नायूचा आवाज त्यातून ऐकू येतो; आत्ता नुसती खरखर येत होती. डॉक्टर म्हणाले, “अब छोटी उँगली बाहर की तरफ़ खोलिए. ज़ोर लगाइए.”

बाबांनी डोळे मिटले. कपाळावर शिरा उमटल्या. करंगळी हलली की नाही ते मला दिसलं नाही, पण स्पीकर एकदम बोलायला लागला. तडतड, तडतड, कढईत मोहरी उडावी तसा. विरळ होता आवाज, पण होता.

आणि बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, आश्चर्याने.

“आई गं,” ते म्हणाले. “दुखतंय.”

डॉक्टरांचा हात थांबला. “दुख रहा है? यहाँ? ये तो बहुत अच्छी बात है!”

जन्मात पहिल्यांदा मी बाबांच्या तोंडून तो शब्द ऐकत होते. मी भिंत सोडून पलंगापाशी आले, त्यांचा दुसरा हात धरला.

“बाबा, परत सांगा.”

“दुखून राहिलं आहे, बेटा,” ते म्हणाले. “खूप दुखून राहिलं आहे.” आणि मी त्या परक्या खोलीत, परक्या माणसासमोर, रडत रडत टाळ्या वाजवल्या.